शपथेचे कूळ

हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शपथेचा आरंभ रोग्यापासून होत नाही. ती आधी अपोलो या वैद्यदेवतेला साक्षी ठेवते, मग अपोलोचा पुत्र अस्क्लेपिओस याला, आणि त्यानंतर अस्क्लेपिओसच्या मुली हायजिया व पॅनेसिया, म्हणजे आरोग्य आणि सर्वरोगहरण यांच्या अधिष्ठात्री, यांना. बाप, मुलगा आणि नाती अशा तीन पिढ्या पहिल्याच वाक्यात रांगेने उभ्या राहतात. दुसऱ्या वाक्यातही रोगी येत नाही, गुरू येतो. त्याला आईबापांच्या बरोबरीचा मानावे, आपल्या मिळकतीत वाटा द्यावा, अडीअडचणीला त्याची गरज भागवावी, त्याच्या मुलांना सख्ख्या भावांसारखे धरावे आणि त्यांची इच्छा असल्यास ही विद्या त्यांना मोबदला न घेता शिकवावी, असे वचन तिथे दिलेले आहे. विद्या कोणाला द्यायची याची यादीही काटेकोर आहे : स्वतःचे मुलगे, गुरूचे मुलगे आणि करार करून शपथ घेतलेले शिष्य, यांच्यापलीकडे कोणालाही नाही. प्राणघातक औषध न देणे, रोग्याच्या घरी पाहिले-ऐकलेले बाहेर न बोलणे, स्त्री असो वा पुरुष, स्वतंत्र असो वा गुलाम, तिथल्या कोणाशीही शरीरसंबंध न ठेवणे ही वचने, ज्यांच्यामुळे ही शपथ प्रसिद्ध झाली, ती या कौटुंबिक मजकुरानंतर येतात. अलीकडच्या रूपांतरांमध्ये हा पूर्वार्ध बहुधा गाळलेला किंवा गुरूविषयीच्या आदराच्या एका ओळीत आवरलेला असतो, आणि म्हणून आजच्या वाचकाला ती शुद्ध नीतीची संहिता वाटते. मुळात तिचा निम्मा भाग दत्तकपत्राचा आहे.

असे का असावे, याचे एक उत्तर गेलन देतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील या वैद्याच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी शरीररचनेचे ज्ञान घराण्यातच राही. मुले लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली ते शिकत, आणि लिहून ठेवण्याची गरजच पडत नसे. परक्यांना शिकवण्याची वेळ आली तेव्हा पुस्तके लागली, आणि परक्याला घरचा करून घेण्यासाठी शपथ लागली, असे त्यावरून म्हणता येते. स्वतः हिप्पोक्रेटिसलाही पुढच्या चरित्रकारांनी वंशावळ जोडून दिली : सोरेनसच्या नावावर असलेल्या चरित्रात तो सुमारे वीस पिढ्यांपूर्वीच्या अस्क्लेपिओसचा आणि हेराक्लीसचाही वंशज ठरतो. शपथेची वंशावळ मात्र अजून वादग्रस्त आहे. नाझी सत्तेमुळे बर्लिन सोडून अमेरिकेत गेलेला अभ्यासक लुडविग एडेलश्टाइन याने १९४३ च्या एका छोट्या पुस्तकात असे मांडले की, गर्भपाताला आणि शस्त्रक्रियेला नकार देणारी ही शपथ तत्कालीन ग्रीक वैद्यकाच्या प्रत्यक्ष रीतीशी जुळत नाही, ती पायथागोरसच्या पंथातील एका लहान गटाची असावी. हे मत आज बऱ्याच जणांना मान्य नाही. परंतु जगभरच्या वैद्यांचा सामायिक वारसा म्हणून जी दाखवली जाते ती शपथ एखाद्या कोपऱ्यातल्या पंथाचीही असू शकते, ही शंका त्या पुस्तकाने कायमची मागे ठेवली.

चरकसंहितेचा आरंभही असाच वंशकथनाचा आहे. आयुर्वेद ब्रह्म्यापासून दक्ष प्रजापतीकडे, तिथून अश्विनीकुमारांकडे, त्यांच्याकडून इंद्राकडे आणि इंद्राकडून भरद्वाजाकडे आला; पुढे पुनर्वसू आत्रेयाने तो अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणी या सहा शिष्यांना दिला; अग्निवेशाच्या ग्रंथावर चरकाने संस्कार केले आणि अपुरा राहिलेला भाग दृढबलाने पुरा केला. देवापासून संपादकापर्यंत एकही दुवा सुटू नये, अशी ही मांडणी आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्य कसा निवडावा हे सांगताना तो वैद्यकुळात जन्मलेला असावा किंवा त्या विद्येला साजेशा वर्तनाचा असावा, असा पर्याय दिला आहे. ग्रीक शपथेने करारातून जी फट ठेवली तीच इथे वर्तनाच्या अटीतून ठेवलेली दिसते. त्यानंतर अग्नी, ब्राह्मण आणि वैद्य यांच्या साक्षीने गुरू जो उपदेश करतो तो वैद्यकीय नीतीचा फार जुना आणि आजही वाचनीय मजकूर आहे. शिष्याने खरे बोलावे, मांस खाऊ नये, शस्त्र धारण करू नये, स्वतःच्या जिवावर बेतले तरी रोग्याचा द्रोह करू नये. रोग्याच्या घरी जाताना तिथे प्रवेश असलेल्या ओळखीच्या माणसाबरोबर जावे, घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, आणि रोग्याचे आयुष्य सरत आल्याचे कळले तरी, ते सांगितल्याने त्याला किंवा इतरांना धक्का बसणार असेल तिथे, सांगू नये. याच उपदेशात हेही आहे की, राजाचा ज्यांच्यावर रोष आहे किंवा जे राजाचा द्वेष करतात त्यांना, मरणाच्या दारी पोचलेल्यांना, आणि पती किंवा पालक जवळ नसलेल्या स्त्रियांना औषध देऊ नये. या अटी वगळून उरलेला उपदेश उद्धृत करण्याची रीत आहे. ती सोयीची असली तरी तिने ग्रंथाचा मान वाढत नाही.

वंशावळ निरुद्योगी कधीच नसते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागू नये. जुन्या मराठी दफ्तरांत जे वंशवृत्त सापडते ते बहुतेक वेळा वतनाच्या भांडणातून आलेले असते : पाटीलकी वा कुलकर्ण कोणाचे, वडीलपणाचा मान कोणत्या शाखेचा, हे ठरवण्यासाठी वादी आपल्या घराण्याची हकीकत, म्हणजे करीना, सादर करी आणि गोतसभा महजर करून निवाडा देई. गो. स. सरदेसायांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी संकलित केल्या तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाला नावांचा गुंता सोडवण्याचे साधन मिळाले, परंतु त्या नोंदींच्या मुळाशी पुष्कळदा हक्काची मागणीच होती. कोकणस्थ व इतर घराण्यांनी छापलेले कुलवृत्तांत अधिक निरुपद्रवी वाटतात. तरी त्यांतही परदेशी गेलेला नातू ठळक दिसतो आणि मुलीची नोंद बहुधा सासरच्या आडनावापाशी थांबते. आज जात पडताळणीच्या अर्जासोबत जोडावयाची वंशावळ हा याच परंपरेचा सरकारी अवतार आहे. कोणीतरी काहीतरी मागत असते, म्हणून पूर्वजांची नावे क्रमाने लिहिली जातात.

या मागणीकडे तत्त्वज्ञानाचे लक्ष वेधले ते फ्रीडरिश नीत्शेने. चोविसाव्या वर्षी बाझेलला अभिजात भाषांचा प्राध्यापक झालेल्या या माणसाने १८८७ मध्ये नीतीच्या वंशावळीवर एक पुस्तक लिहिले आणि वंशावळ या जुन्या साधनाचा रोख उलटा फिरवला. घराण्याचा अभिमानी माणूस मूळ पुरुष शोधतो तो आपली प्रतिष्ठा सिद्ध करण्यासाठी. नीत्शेने ‘चांगले’, ‘अपराध’, ‘कर्तव्य’ या मान्यवर कल्पनांचे पूर्वज शोधले आणि त्याला तिथे सूड, असूया, सावकार आणि ऋणको, शिक्षेतला क्रूर आनंद अशी मंडळी भेटली. त्याच्या अनेक व्युत्पत्ती आणि ऐतिहासिक दावे आज टिकणारे नाहीत, पण प्रश्न विचारण्याची ती पद्धत टिकली. मिशेल फूकोने १९७१ च्या एका निबंधात तिचे सूत्र मांडले : एखाद्या गोष्टीच्या उगमापाशी तिचे शुद्ध बीज सापडेल अशी अपेक्षा धरू नये, तिथे अपघात, भांडणे, उसनवाऱ्या आणि चुका सापडतात. त्याआधी १९६३ मध्ये आलेल्या त्याच्या रुग्णालयीन वैद्यकाच्या जन्मावरील पुस्तकात हीच दृष्टी कामाला लागलेली दिसते. क्रांतीनंतरच्या पॅरिसमधील इस्पितळांत गरीब रोगी फुकट उपचारासाठी येत आणि त्याची फेड म्हणून आपले शरीर शिकणाऱ्यांच्या नजरेपुढे ठेवत. तिथे मिळालेले ज्ञान पुढे ज्यांच्या कामी येणार होते त्यांत इस्पितळाला पैसा पुरवणारे श्रीमंतही होते. हा करार कोणीही लिहिलेला नव्हता, आणि त्यावर गरिबाची सही कोणी मागितली नव्हती.

सही मागण्याची गोष्ट वैद्यकीय नीतीच्या पाठ्यपुस्तकांत न्यूरेंबर्गपासून सुरू होते. ९ डिसेंबर १९४६ ला तिथे नाझी राजवटीतल्या वैद्यकीय प्रयोगांबद्दल तेवीस जणांवर खटला सुरू झाला, त्यांपैकी वीस डॉक्टर होते. ऑगस्ट १९४७ मध्ये सोळा जण दोषी ठरले, सात जणांना फाशीची शिक्षा झाली, आणि निकालपत्राच्या ओघातच मानवी प्रयोगांसाठी दहा कलमे सांगितली गेली, ज्यांतले पहिले कलम माणसाच्या ऐच्छिक संमतीचे आहे. या कलमांचा जनक कोण, यावर पुढे खरेच वाद झाला. व्हिएन्नात जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला मनोविकारतज्ज्ञ लिओ अलेक्झांडर आणि शिकागोचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँड्र्यू आयव्ही, हे दोघेही फिर्यादी पक्षाचे सल्लागार, आणि दोघांनीही पितृत्वावर हक्क सांगितला. त्याहून अवघड प्रश्न बचाव पक्षाने उभा केला होता : या नियमांचे पूर्वज कुठे आहेत? वैद्यकाचा इतिहासकार वेर्नर लाइबब्रांट फिर्यादीच्या बाजूने हिप्पोक्रेटिसच्या परंपरेविषयी साक्ष द्यायला आला, तेव्हा त्याला अमेरिकेच्या तुरुंगांत कैद्यांवर झालेल्या हिवतापाच्या प्रयोगांविषयी विचारले गेले, आणि त्या सरळ माणसाने तेही चूक असल्याचे सांगितले. आयव्हीने पुढे अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियमांचा आधार दिला; ते नियम खटला उभा राहिला त्याच महिन्यात मंजूर झालेले होते.

संमतीचा जुना पूर्वज होता, पण तो गैरसोयीच्या घरात होता. १९३१ मध्ये जर्मन सरकारनेच नवे उपचार आणि प्रयोग यांसाठी विस्तृत मार्गदर्शक नियम काढले होते. त्याआधीच्या वर्षी ल्यूबेक शहरात क्षयाची दूषित लस दिली जाऊन सत्तरच्या वर तान्ही मुले दगावली होती. त्याच्याही मागे गेले तर प्रशियाच्या मंत्र्याने २९ डिसेंबर १९०० ला काढलेला आदेश सापडतो : उपचार, निदान किंवा लसीकरण यांखेरीज दुसऱ्या हेतूने माणसाच्या शरीरावर काही करायचे असेल, तर संभाव्य दुष्परिणाम समजावून देऊन त्याची स्पष्ट संमती घेतलीच पाहिजे, आणि अज्ञान मुलांवर ते करूच नये. या आदेशाच्या मुळाशी ब्रेस्लाऊचा त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट नाइसर होता. परम्याचा जंतू शोधल्याबद्दल त्याचे नाव आजही त्या जंतूला चिकटलेले आहे. १८९२ मध्ये त्याने उपदंशाच्या रोग्यांच्या रक्तातील द्रव काही स्त्रियांना त्यांच्या नकळत टोचला, त्यांपैकी काहींना पुढे उपदंश झाला, आणि त्या वेश्या असल्याने तो त्यांना धंद्यातूनच झाला असा खुलासा त्याने केला. संमतीच्या कल्पनेचे कूळ शोधताना वाचक अखेर या स्त्रियांपाशी येऊन पोचतो, तत्त्ववेत्त्यांपाशी नाही. त्या काळी या प्रकरणावर लिहिणाऱ्यांत बर्लिनचा मनोविकारतज्ज्ञ आल्बर्ट मोल होता. वैद्याच्या नीतीवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १९०२ मध्ये निघाला. वैद्य आणि रोगी यांच्यातले नाते कराराचे आहे, हे त्यात बारकाईने मांडलेले आहे आणि माणसांवर परस्पर केलेल्या प्रयोगांची शेकडो उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांतूनच वेचून काढलेली आहेत. तो ग्रंथ फारसा खपला नाही. मोल वारला तो २३ सप्टेंबर १९३९ ला, फ्रॉइड वारला त्याच दिवशी, आणि जगाचे लक्ष साहजिकच दुसरीकडे होते.

न्यूरेंबर्ग हे नाव या विषयात दोनदा येते. १९३५ च्या सप्टेंबरात याच शहरी जाहीर झालेल्या कायद्यांनी माणसाचे नागरिकत्व आणि विवाह त्याच्या आजा-आजींच्या धर्मावर टांगले, आणि लाखो जर्मन कुटुंबे चर्चच्या नोंदवह्यांतून आपले पूर्वज शोधू लागली. त्याआधी, जुलै १९३३ च्या कायद्याने आनुवंशिक मानलेल्या रोगांसाठी सक्तीचे निर्बीजीकरण सुरू झाले होते, ज्याला सुमारे चार लाख माणसे बळी पडली. त्या कायद्यावरचे अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांपैकी एर्न्स्ट र्‍यूडीन हा म्युनिकच्या मनोविकार संशोधनसंस्थेत वंशावळींचाच विभाग चालवत होता. वंशावळ वैद्याच्या हाती आली म्हणजे काय होऊ शकते, याचे हे टोक झाले. पण सुरुवात तिथली नव्हती. १९१२ मध्ये न्यू जर्सीच्या व्हाइनलँड येथील मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड याने संस्थेत ठेवलेल्या एका मुलीचा वंश ‘कॅलिकॅक’ या बनावट आडनावाखाली छापला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या एका शिपायाचा खानावळीतल्या मंदबुद्धी मुलीशी संबंध आला, त्यातून दुर्गुणी शाखा निघाली, आणि त्याच्या कुलीन पत्नीपासून सद्गुणी शाखा निघाली, असा तो वृक्ष होता. कधीच मरून गेलेल्या माणसांची बुद्धी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आठवणींवरून ठरवलेली होती. पुस्तकाचे जर्मन भाषांतरही निघाले. पुढे कौटुंबिक इतिहास शोधणाऱ्यांनी जुनी कागदपत्रे तपासली तेव्हा ती अनौरस शाखा त्या शिपायापासून निघालेलीच नाही, असे आढळले. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही आई, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्यांकडे बोट दाखवून मुलीच्या निर्बीजीकरणाला मान्यता दिली. ती नात पुढे शाळेत चांगल्या गुणांनी चालली होती आणि आठव्या वर्षी आजाराने गेली. वाईट नीतीच्या पुस्तकांत बहुधा वंशशास्त्रही वाईटच असते, हा योगायोग नसावा.

सध्याच्या पाठ्यपुस्तकांचा तोंडवळा अगदीच निराळा आहे. टॉम बीचम आणि जेम्स चिल्ड्रेस यांच्या १९७९ च्या ग्रंथापासून चार तत्त्वे रूढ झाली : रोग्याची स्वायत्तता, म्हणजे स्वतःविषयी स्वतः ठरवण्याचा अधिकार, अपकार न करणे, उपकार करणे, आणि न्याय. दोघांपैकी कोणीही डॉक्टर नव्हता. ही तत्त्वे नेटकी आहेत, परीक्षेला सोपी आहेत, आणि नीती समितीच्या बैठकीत कामाला येतात. त्याच वर्षी अमेरिकेत बेलमाँट अहवाल आला, ज्याच्या पाठीशी टस्कीगी होते : उपदंशाचा प्रवास पाहण्यासाठी १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे चारशे कृष्णवर्णीय रोग्यांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचाराविना ठेवले गेले होते. तत्त्वांच्या यादीत टस्कीगी दिसत नाही, ब्रेस्लाऊ दिसत नाही, ल्यूबेक दिसत नाही. यादी कुठेही जन्मल्यासारखी उभी असते, आणि त्यामुळेच ती कुठेही कोणाच्याही बाजूने उभी करता येते.

याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. गर्भजलपरीक्षा आली ती आनुवंशिक व्याधी ओळखण्यासाठी, आणि थोड्याच वर्षांत ती मुलगी ओळखण्यासाठी वापरली जाऊ लागली. तिचे समर्थन करणारे डॉक्टर नीतीचीच भाषा बोलत होते : बाई स्वतः येते, स्वतः मागते, कागदावर सही करते, मग तिची स्वायत्तता नाकारणारे आपण कोण? या युक्तिवादात चार तत्त्वांपैकी पहिले तत्त्व अक्षरशः पाळलेले आहे. सही करणाऱ्या हातामागे सासर उभे आहे, वंशाचा दिवा हवा असलेली वंशावळ उभी आहे, आणि जिच्यात तिची स्वतःची नोंद अर्ध्या ओळीची आहे तीच वंशावळ तिच्या तोंडून बोलत आहे, हे ओळखायला तत्त्वांची यादी पुरत नव्हती. ते ओळखले मुंबईतल्या स्त्रीसंघटनांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या काही डॉक्टरांनी. त्यांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, प्रसवपूर्व परीक्षांवर कायद्याने निर्बंध घातला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. स्वायत्ततेला मर्यादा घालणारा हा कायदा स्वायत्ततेच्या विरोधी आहे की तिच्या बाजूचा, यावर तत्त्वज्ञानाचे अभ्यासक अजून वाद घालू शकतात, आणि तो वाद पोकळ नाही. इतके मात्र खरे की, संमती कोणाची हे विचारण्याआधी संमती कोणत्या घरातून आली हे विचारावे लागते.

२०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नव्या विद्यार्थ्यांसाठी महर्षी चरकांच्या नावाची शपथ सुचवली, तेव्हा देशभर चर्चा झाली ती कुळाची : ग्रीक बरा की भारतीय, परका की आपला. एका बाजूने परंपरेचा गौरव झाला, दुसऱ्या बाजूने आधुनिकतेचा कैवार घेतला गेला, आणि दोन्ही संहितांत मुळात काय लिहिले आहे याचा उल्लेख क्वचितच झाला. दोन्ही शपथांत रोग्याच्या आधी गुरू येतो, दोन्हींत गुप्ततेचे वचन आहे, दोन्हींत रोग्याची संमती कुठेच नाही. ती आली प्रशियाच्या एका सरकारी आदेशातून, ज्याला ना देवता आहे ना ऋषी. चरकाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलू इच्छिणाऱ्याने संहितेतले दोन आठवे अध्याय शेजारी ठेवून वाचावेत. पहिला विमानस्थानातला, ज्यात वैद्याने रोग्याच्या घरी कसे वागावे हे सांगितले आहे. आणि दुसरा शारीरस्थानातला, ज्यात पुत्र व्हावा म्हणून करावयाचा पुंसवनाचा विधी सविस्तर दिलेला आहे.